आईच्या नावचं गाऱ्हाणं

बाबा गेल्यावर आई गप्प झाली. पुढ्यातल्या चहावर साय धरायची, तरी तिचा हात कपाकडे जात नसे. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत तिची कटकट तेवढी कमी झाली होती.

मग ती भिंतीला कान लावून बसू लागली. पलीकडच्या बायका म्हणे बोलतात, हिनेच नवऱ्याला मारला. बाबांना ब्लडप्रेशर होतं, तरी ते हट्ट धरत म्हणून आई कधीमधी खारा सुका बांगडा भाजून द्यायची. तेवढाच तिचा गुन्हा. आणि पलीकडची खोली तर कधीपासून बंद आहे.

माझ्या मुलीचं लग्न जमत होतं. आजीला वेड लागलंय असं बाहेर कळलं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टर राहिला बाजूला, मी आमच्या कोकणी रिवाजाप्रमाणे घरीच देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आईला समोर बसवलं. मजल्यावरच्या काकांनी नारळ ठेवून खणखणीत आवाज लावला, "बा देवा महाराजा, ह्या म्हातारेच्या हातून काय चुकला-माकला असात, तर ता पदरात घे रे महाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही घरातले सगळे ओरडलो. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा.

दुसऱ्या दिवसापासून आईने अन्न सोडलं.

तेव्हा कुठे तिला परळच्या हॉस्पिटलात नेलं. "वय झालं, भ्रम झालाय," मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "आधी उदास झाल्या, की आधी आवाज ऐकू यायला लागले?" मला चहावरची साय आठवली. मान खाली घालून मी ती सांगितली. त्यांनी रक्त तपासलं, डोक्याचा स्कॅन केला, त्या आईशी दोन-तीनदा निवांत बोलल्या. मग म्हणाल्या, "हे नुसतं म्हातारपण नाही. खोल नैराश्य आहे, आवाज त्यातूनच येतायत. औषधाने उतार पडेल. लवकर आणायला हवं होतं."

उतार पडला. भिंत गप्प झाली. एका सकाळी पेज पिता पिता आई म्हणाली, "झिला, डॉक्टरीण म्हणता, माझी काय चूक नाय होती."

"नव्हतीच गं आई."

तिने वाडगा खाली ठेवला.

"मग तू 'होय महाराजा' कित्याक म्हटलंस?"