विदूची सहा मिनिटं

बातमी आली तेव्हा मी न्यूझीलंडमधल्या अल्बनीहून, म्हणजे हल्ली राहतो तिथून, शहरात जाणाऱ्या बसमध्ये होतो आणि शेजारच्या अनोळखी गृहस्थाला, आमच्या मागच्या अंगणात मी एकट्याने पकडलेल्या पॉसमची, म्हणजे मांजराएवढ्या एका केसाळ प्राण्याची, गोष्ट सांगत होतो. पॉसम तोवर वासराएवढा झाला होता आणि अजून वाढायला वाव होता. फोन नीलावहिनींचा. त्या म्हणाल्या, "सुधीरभावजी, बसमध्ये आहात का? मग आधी उतरा, कुठेतरी बसा." मी उतरलो. भलत्याच स्टॉपवर उतरलो, जुलैच्या पावसात भिजलेल्या बाकावर बसलो, आणि मग त्या म्हणाल्या, "विद्याधर गेला. पहाटे, झोपेतच." मी बाकावरून बसकडे बघत राहिलो. ती केव्हाच गेली होती…

याला सहा आठवडे झाले. विद्याधर, म्हणजे नीलावहिनींचा नवरा, आमचा विदू, डोंबिवलीचा. आम्ही दोघं एकाच वर्षी न्यूझीलंडला आलो, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला एकाच घराच्या दोन खोल्यांत राहिलो. मी कॉम्प्युटरवर काहीतरी करायचो, म्हणजे नेमकं काय हे माझ्या साहेबालाही ठाऊक नव्हतं. विदू मात्र रेल्वेच्या डब्यांची चाकं, ब्रेक, दरवाजे दुरुस्त करायचा, आणि सव्वीस वर्षं त्याने तेच केलं. आमच्या मैत्रीत कामांची वाटणी झालेली होती. मी भर पंगतीत गोष्ट सांगायची आणि विदूने मान न उचलता आकडा दुरुस्त करायचा. मी म्हणायचो, "वेलिंग्टनच्या वाऱ्याने आमची छत्री पार समुद्रापलीकडे नेली." विदू म्हणायचा, "रस्त्यापलीकडे. डेअरीच्या दारात सापडली." आमच्याकडे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान.

तो घंटा वाजवायला कसा लागला, ही माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे, आणि ती बहुतांशी खरी आहे. वेलिंग्टनमधल्या एका चर्चचा मनोरा लोकांना बघायला खुला होता. विदूची मृण्मयी तेव्हा पाच वर्षांची, तिला घेऊन आम्ही वर गेलो. खोलीत छतातून सहा दोर लोंबत होते. आता देवळात शिरलं की आपला हात आपोआप वर जातो, डोकं त्यात पडतच नाही. विदूने जँडल, म्हणजे आमच्याकडच्या रबरी चपला, दाराशी काढल्या, पुढे झाला, दोर धरला आणि भक्तिभावाने ओढला. तिकडची घंटा लोंबत नसते. ती एका मोठ्या चाकाला बांधलेली असते आणि तोंड आभाळाकडे करून तोलावर उभी ठेवलेली असते. दोर ओढला की टनभर पितळ गरकन फिरतं, आणि हात कसलेला नसेल तर दोर माणसाला घेऊन वर जातो. विदू गेला. मी सांगताना तो पंधरा फूट जातो आणि छताला टेकून नमस्कार करून परत येतो. विदूच्या म्हणण्याप्रमाणे चार फूट, आणि पितळ नाही, कासं, आणि टन नाही, तीनशे किलो.

खाली आपटलेल्या विदूपाशी जोन नावाची सत्तरीची इंग्रज बाई आली. ती तिथली शिकवणारी. तिने हाडं शाबूत आहेत का ते पाहिलं आणि म्हणाली, "एक तर पुन्हा या दोराला हात लावू नकोस. नाहीतर बुधवारी सात वाजता ये." विदू बुधवारी पावणेसातला हजर होता. त्यानंतर चौदा वर्षं बुधवारी त्याला कोणी जेवायला बोलावलं नाही, कारण तो येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पहिला, दुसरा, तिसरा असे सहा आवाज ओळीने, एकावर दुसरा न चढता, एवढं साधं वाजवायलाच त्याला दीड वर्ष लागलं. त्यापुढचे गुंतागुंतीचे प्रकार त्याला कधी जमले नाहीत. जोन त्याला सांगायची, की ती अकरा वर्षांची असताना इंग्लंडातल्या आपल्या गावी तिसऱ्या घंटेवर शिकली. "ती जरा हट्टी आहे. घाई केलीस तर ऐकणार नाही. एकदा जाऊन वाजव." विदूने हो म्हटलं. जोन वारली तेव्हा तो तिच्या शवपेटीपाशी पुन्हा हो म्हणाला, मी शेजारीच होतो.

मग विदूच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. पार्किन्सन. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने त्या डब्यात वारांप्रमाणे लावल्या आणि त्याच संध्याकाळी तिकिटं काढली. त्याची, वहिनींची, आणि मला न विचारता माझं.

जोनच्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी मला पुन्हा येऊ द्यावं अशी माझी इच्छा आहे. हिरव्या टेकड्यांत बशीसारखं बसलेलं गाव, मधोमध उतरता चौक, आणि चौकात दगडी खांबांवर उभी असलेली उघडी मंडईची इमारत, जिच्याखाली म्हणे सातशे वर्षं दर गुरुवारी बाजार भरतोय. लाकडी चौकटींची घरं एकमेकांच्या खांद्यावर रेललेली, आणि त्यांच्या डोक्यावरून डोकावणारा मनोरा. अप्पर हटला साठ वर्षांच्या घराला लोक जुनं म्हणून मान देतात, इथे खाटकाचं दुकानही आमच्या देशाहून वयाने मोठं. विदू जुन्या हत्यारांच्या टेबलाशी रमला, वहिनी रोपांपाशी. मी मोकळा सुटलो, चीज विकणाऱ्या कॉलिनपाशी गेलो, आणि तुकडे चाखता चाखता त्याला सांगून बसलो, की तो टोपीवाला माझा मित्र दक्षिण गोलार्धातला सगळ्यात मोठा घंटावादक आहे, एकदा सलग नऊ तास वाजवलंय, गव्हर्नर बाई रडल्या होत्या. कॉलिनने शांतपणे मला आणखी एक तुकडा दिला.

संध्याकाळी सातला, लख्ख उन्हात, आम्ही मनोऱ्याचा गोल जिना चढलो. गुरुवारी त्यांचा सराव असतो, आणि परगावचा वादक आला तर त्याच्या हाती दोर द्यायचा अशी जगभर रीत आहे. वरच्या खोलीत सात माणसं होती आणि त्यांचा म्होरक्या होता कॉलिन, एप्रनशिवाय. त्याने विदूला वाकून नमस्कारच केला म्हणा ना, आणि एका अवघड प्रकाराचं नाव घेऊन म्हणाला, "आज तुम्ही पुढे व्हा. सलग नऊ तासांच्या माणसाला हे काय…"

विदूने माझ्याकडे पाहिलं. पुढे कितीही वर्षं जगलो तरी ती नजर मी कमी-जास्त करून सांगू शकणार नाही. मग तो कॉलिनला म्हणाला, "माझा मित्र थापाड्या आहे, तीस वर्षांपासून. मला फक्त साधं, ओळीने वाजवता येतं. हात थरथरतो, ते तुम्हाला दिसतंयच. मी जोनचा विद्यार्थी आहे. मला तिसरी हवी आहे."

जोनचं नाव दोघातिघांना ठाऊक होतं. पण कॉलिनची नजर विदूच्या हातावर होती. तो म्हणाला, "सॉरी. हात मध्येच थांबला तर तुम्हालाही धोका, बाकीच्यांनाही." त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्या थापेनंतर तो कशाला विश्वास ठेवेल? दुसऱ्या दिवशी आम्हाला स्कॉटलंड गाठायचं होतं. विदूने विचारलं, "काय केलं म्हणजे द्याल?" कॉलिन म्हणाला, एक मार्ग आहे. घंटेचा लोळा बांधून ठेवला तर आवाज होत नाही, नुसती फिरते. रोज सकाळी आठला तो स्वतः शेजारी उभा राहील. पुढच्या गुरुवारी बघू.

जिना उतरताना मी म्हटलं, "विदू, चूक माझी आहे. सकाळी त्याला भेटून मी…"

"तू तोंड उघडू नकोस. हॉटेल वाढवून घे."

वहिनी खाली लव्हेंडरचं रोप धरून उभ्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "स्कॉटलंड कुठे पळून जात नाही."

तर लोक जे गाव तासाभरात बघून पुढे जातात, तिथे आम्ही आठ दिवस राहिलो. खाटीक वहिनींना नावाने हाक मारू लागला. बेकरीतल्या बाईने मला सांगितलं, की तुझ्या पॉसमपेक्षा आमच्या मांजराची गोष्ट चांगली आहे, आणि खरंच होती. विदू रोज आठला वर जायचा, दहाला घामाघूम खाली यायचा, आणि चौकातल्या पायऱ्यांवर बसून नुसत्या हवेत दोर ओढायचा. येणारे-जाणारे बघायचे. त्याला फरक पडत नव्हता. एकदा मी विचारलं, "जमेल?" तो म्हणाला, "ते गुरुवारी कळेल. आज बुधवार आहे."

गुरुवारी सातला कॉलिनने तिसरीचा दोर त्याच्या हाती दिला आणि स्वतः पाठीशी, हाताच्या अंतरावर उभा राहिला. वहिनींनी वर यायला नकार दिला होता. विदूने त्यांना सांगितलं होतं, "ओळीतला तिसरा आवाज तो माझा." पहिल्या वेळी मिनिटभर गेलं असेल. विदूचा उजवा हात वर गेला आणि तिथेच राहिला, जणू कोणी धरून ठेवलाय. कॉलिनने झडप घालून दोर सावरला, सगळ्यांना थांबवलं. दुसऱ्या वेळी जरा जास्त गेलं, आणि तेच. विदू बाकावर बसला. पाणी पिताना पेला दातांवर वाजत होता. मी म्हटलं, "विदू, पुरे. जोनला कळलं असेल."

"सुध्या, तुझा चेहरा बघून माझा हात थांबतोय. भिंतीकडे तोंड कर."

मी केलं. भिंतीवर जुने लाकडी फलक होते, मेलेल्या वादकांची नावं, मी ती वाचत उभा राहिलो. मागे विदू उठल्याचा आवाज आला. कॉलिन हळूच काहीतरी म्हणाला, विदू "नो" म्हणाला. मग घंटा सुरू झाल्या. तेव्हा हे लक्षात घ्या, की माझ्या मित्राच्या आयुष्यातली ती सहा मिनिटं मी पाहिलेली नाहीत. पाहिली असती तर तुम्हाला पंचवीस सांगितली असती. मी नुसतं ऐकलं, आणि सहाच होती. कॉलिनने थांबा म्हटलं म्हणून विदू थांबला, हात थांबला म्हणून नव्हे.

खाली चौकात वहिनी फोन हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "दोनदा अडलास."

"मोजत होतीस?"

"तूच सांगितलं होतंस ना, तिसरा आवाज ऐक म्हणून."

मग त्याला भूक लागली आणि त्याने एकट्याने चिप्सची तीन पुडकी संपवली. बरं, दोन.

परत आल्यावर तो मागच्या उन्हाळ्यापर्यंत बुधवारी वेलिंग्टनला जात राहिला. नंतर हात वरच जाईना, तेव्हा ट्रेनने जाऊन नुसता बाकावर बसून यायचा, नव्यांच्या चुका मोजत.

त्याच्या शोकसभेला अप्पर हटचा हॉल भरला होता. अडीचशे माणसं म्हणतो मी, ऐंशी धरा. वहिनींनी त्या गुरुवारी फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं, हे मला आदल्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात कळलं. मृण्मयी लॅपटॉप घेऊन बसली होती. "आई, I can cut the first two bits. मध्ये heaps of silence आहे, people will get confused."

वहिनी भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "काहीही कापायचं नाही."

"But he stops, आई."

"थांबू दे की."

सभेत ते लावलं. चौकातली गडबड ऐकू आली, टेबलं मिटल्याचा खडखडाट, कुत्र्याचं भुंकणं, कोणीतरी उरलेल्या स्ट्रॉबेऱ्यांसाठी गिऱ्हाइकाला हाका मारतंय. वरून सहा आवाज ओळीने उतरू लागले. मिनिटभराने तिसरा गळला आणि सगळे थांबले. आवाजाची व्यवस्था बघणारे कुलकर्णी घाईने स्पीकरकडे निघाले, तसा पहिल्या रांगेतून वहिनींनी हात वर केला. कुलकर्णी जिथे होते तिथेच बसले. घंटा पुन्हा सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या. या वेळी हॉलमध्ये कोणी हललं नाही. स्पीकरमधून चौकातला वारा तेवढा येत होता, बराच वेळ… आणि मग त्या वाऱ्यात, फोनच्या अगदी जवळून, नीलावहिनींचा स्वतःचा आवाज आला, हळू, दटावल्यासारखा.

"परत वाजव."

आणि पहिली घंटा वाजली, मग दुसरी, मग तिसरी.