पास बंद झाला आणि अण्णा खिडकीशी बसले

मंडळी, आज लेकीचा बारावीचा शेवटचा पेपर झाला. घरी येऊन विचारते, "बाबा, कॉलेज लागेपर्यंत तुमच्या ऑफिसचा मेडिकल विमा मला चालतो ना?"

आणि मी ऐंशीच्या दशकातल्या रत्नागिरीत पोचलो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, एसटी बसचे ड्रायव्हर होते. ड्रायव्हरच्या शिकणाऱ्या मुलांना बसचा फुकट पास मिळायचा. माझी बारावी संपली, कॉलेज अजून लागायचं होतं, म्हणून पास बंद झाला. हर्णेला मावशीकडे जायचं कसं?

"तिकीट काढू. मीपण येतो," अण्णा म्हणाले.

मी त्यांना खिडकी दिली. वर्षानुवर्षं याच रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस हळूच म्हणाला, "अरे, इथनं समुद्र इतका वेळ दिसत राहतो होय?"

हर्णे येईपर्यंत ते काचेला कपाळ टेकून बसले होते.

तुम्ही वडिलांना कधी खिडकी दिलीत?