करवत आणि शिडी

माझा मामा रंगारी. उभ्या जन्मात शिडीवरून पडला नाही, आणि हे तो समोरचा जांभया देईपर्यंत सांगायचा. साठी उलटली तरी छताला रंग तोच देणार. भिंती काय, कुणीही रंगवतं.

मग त्याची शिडी हलायला लागली. म्हणजे मामाला तसं वाटायचं. वर चढला की सगळं झुलायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्याने खापर शिडीवर फोडलं. घडीची, चार पायांची जुनी शिडी. एक पाय लांब असणार, म्हणून त्याने तो करवतीने कापला. त्यानंतर ती खरोखरच डुगडुगायला लागली, म्हणून दुसरा कापला, मग तिसरा.

मामी त्याच्याबरोबरच कामाला. भिंती घासायची आणि तो वर असला की शिडी धरायची. "शिडी हलत नाही, तुम्ही हलता," ती म्हणायची. नाचता येईना अंगण वाकडं, हेही सुनावून झालं. डॉक्टरकडे चला म्हणून ती एकदा रडलीसुद्धा. पण चक्कर येणाऱ्या रंगाऱ्याला काम कोण देणार, म्हणून मामा चक्कर हा शब्दच काढू देईना. तिने विषय काढला की हा करवत काढायचा. शिडी इतकी खुजी झाली की मामा ब्रशला काठी बांधून छत गाठू लागला.

शेवटी एका शाळेच्या वर्गात तो सगळ्यात वरच्या पायरीवरून थेट रंगाच्या बादलीवर कोसळला. शुद्धीवर आला तेव्हा नखशिखान्त पांढरा होता. मामी त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला शिव्या घालत होती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयाचे ठोके मध्येच थांबतात, तेवढा वेळ मेंदूला रक्त पोचत नाही, म्हणून चक्कर. छातीत पेसमेकर बसवला. आणखी उंचावरून पडले असते तर वाचलेच नसते, असंही त्या म्हणाल्या. मामाने लगेच मान ताठ केली, जणू काही याच दूरदृष्टीने तो शिडी कापत होता.

बरा झाल्यावर त्याने नवी उंच शिडी आणली. वर चढला, उतरला, खूश झाला. "अजिबात हलत नाही," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मामी नवी शिडी आडवी टाकून चौथा पाय कापत होती. बाकीचे तीन कापून झाले होते.

"हलते," ती म्हणाली.