दांड्याचं टोक

सकाळी हापशावर शेजारची सखूवहिनी पाणी भरत होती. काडीसारखी बाई, पण एका हातानं दांडा मारत होती आणि वर सुनेला झापत होती. मी मात्र दोन्ही हातांनी झटतो तरी अर्धी बादली होत नाही. बायकोचं तेरावं झालं, पाहुणे परवा गेले. चाळीस वर्षं पाणी तिनंच भरलं. मुलगा म्हणतो, पाणी जमत नसेल तर शहरात चला. मला हे घर सोडायचं नाही.

"भाऊजी, टोकाला धरा की! चिंधी चावते का?"

उन्हात लोखंड तापतं म्हणून टोकाला बायकोनंच चिंधी गुंडाळली होती. ती जागा बायकांची, असं आम्ही पुरुष मानायचो आणि पाय धुवायला आलो की पार वर, दांडा ज्यावर फिरतो त्या खिळ्याजवळ धरायचो. मिजास, दुसरं काय!

धरलं टोकाला. हात तोच, पाणी तितकंच खोल. हात नुसता दोन वीत सरकला आणि दांडा अलगद खाली आला. मी थक्क झालो. खिळ्यापासून जितकं लांब धरावं, तितका जोर कमी लागतो. एवढ्याशा अंतरात एवढं बळ कुणी भरून ठेवलं? शिकलेल्यांना ठाऊक असेल. माझ्या बायकोच्या हाताला ठाऊक होतं आणि मी तिलाच म्हणायचो, "तुला जोर कुठाय?"

बादली भरून वाहायला लागली. सखूवहिनी म्हणाली, "आता मुलाला काय सांगणार?"

"सांगतो, तुझ्या आईनं धरायची जागा दाखवली. मी इथंच राहतो."