कोळवणच्या मोरीची जाळी आणि चढणीचे मासे

ओढ्याच्या मोरीला लोखंडी जाळी ठोकायची अक्कल कुणाची? ते आधी बोला. रामराम मागनं.

कोळवण माझं माहेर, नेरं सासर. पाऊस चार दिवस लागून राहिला की मासे ओढ्यानं वर चढतात, भातखाचरात अंडी घालायला. माझ्या बरोबरीची हिरी कातकरीण, तिनं सांगावा धाडला, ये म्हणून. सून म्हणाली, "आत्या, गुडघे?" म्हटलं, ते बी येतायत बरोबर.

नेऱ्याहून जीपनं घोटावडं, मग पौड, तिथनं एसटी. पंच्याहत्तरी उलटली असंल तर फुकट, आधार कार्ड तेवढं घ्या. पौडला चहा प्या. भजी नको, तेल कालचं असतं. कोळवणात चपला हातात घ्या, न्हाईतर चिखल मागून घेतो.

ओढ्यावर हिरी कमरेवर हात ठेवून उभी. एका फार्महाऊसवाल्यानं खाली तळं केलंय, त्यात कचरा नको म्हणून वरच्या मोरीला जाळी! मासे तिच्यावर धडका देत होते. टोपल्यानं भरावेत इतके.

"घे की भरून," मी म्हटलं.

"सरे, माहेराला निघालेल्या पोटुशीला कुणी धरतं व्हय? पोरंबाळं घिऊन उतरत्यात, तवा धरायचं. आज ह्या अडल्या तर आमच्या चुलीवर काय शिजंल? तुजं पाय?"

"लई जून हायेत. शिजायचं न्हाईत."

तेवढ्यात फार्महाऊसचा राखणदार आला. "आजी, हात लावू नका, साहेब मला काढतील."

"सांग, नेऱ्याच्या म्हातारीनं काढली."

त्यानं फार्महाऊसकडं वळून बघितलं. मग म्हणाला, "पहार देतो. पण मी काय बघितलं न्हाई." अन पाठ फिरवून उभा राहिला.

जाळी निघाली अन मासे सुटले! एक तर हिरीच्या पायावरनंच उडी मारून गेला. ती दचकली, मला धरलं, दोघी पाण्यात बुडावर. राखणदार हसत होता. पाठ हालत होती म्हणून कळलं.

जेवायला हिरीकडं खेकड्याचं कालवण, तांदळाची भाकरी. तुमीबी जा. पण चढत्या माशाला हात लावाल तर हिरी हात मोडंल.

परतीला कंडक्टर म्हणाला, "आजी, तुमी फुकट, जाळीचं तिकीट लागंल." काढलं. गुडघे दोन दिवस ठणकले, पण हिरीबरोबर एवढं हसून किती वर्षं झालेली.

जाळीखाली आता माझ्या कोंबड्या हायेत. ज्याची हाय त्यानं न्यायला यावं. हिरीला जाब विचारायचा न्हाई, राखणदाराला तर न्हाईच, काढली मी. पण ठोकली का, ते आधी सांगायचं. माणूस पाठवून न्हाई. ज्यानं ठोकली त्यानंच.