कुंपणाबाहेरचे कोच

दीनानाथ सरनोबतांचा संघ हरत होता तोवर त्यांच्याइतका भला माणूस सिंगापुरात दुसरा नव्हता. समोरचे कोच त्यांना मिठी मारायचे, पंच गुडघ्याची चौकशी करायचे. सात वर्षं हे कौतुक चाललं. मग २०१३ साली त्यांच्या पोरांनी कॉलेजांचा फुटबॉल करंडक जिंकला, चौदा साली पुन्हा जिंकला, आणि पंधरा साली तिसऱ्यांदा जिंकला तेव्हा हा भला माणूस एकदम लबाड ठरला. माणूस तोच होता. डोक्यावरची फाटकी टोपीसुद्धा तीच होती.

दीनानाथ कोल्हापूरचे. तिथं पेठेपेठेला फुटबॉलचा संघ असतो आणि घराघरात त्याचे दोन-दोन जाणकार. ते स्वतः तालमीच्या संघातून डावे बॅक खेळायचे, गुडघा गेला म्हणून थांबले. दोन हजार एकला सिंगापुरात आले, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बॅंकेच्या बॅक ऑफिसात चिकटले, सिमेईला फ्लॅट घेतला. बायको नंदा, मुलगी गार्गी. सगळं यथास्थित होतं, पण संध्याकाळी मैदानाशेजारून बस गेली की त्यांची मान आपोआप वळायची. पाच वर्षांनी एका कॉलेजला हौशी कोच हवा होता, पगार नाममात्र. दीनानाथ गेले आणि त्या दिवसापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार हे वार घरातून वजा झाले. नंदाताईंनी त्याबद्दल पहिली दोन वर्षं भांडून पाहिलं, मग हात टेकले.

त्यांच्या कामाची एक जुनी सवय होती. कोल्हापुरात त्यांच्या लहानपणी संघाचा सराव चालू असला की समोरच्या पेठेची माणसं बांधावर येऊन बसायची. उघड बसायची. कोण पायात मोकळा, कोण दमतो, सगळं मोठ्यानं बोलायची, आणि सराव संपला की यजमानांच्याच पैशानं चहा प्यायची. न आलं तर लोक म्हणायचे, आम्हाला किंमतच देत नाहीत. दीनानाथांनी हाच शिरस्ता इथं चालू ठेवला. दर बुधवारी ऑफिसातून परतताना ते जिथं बस बदलायचे तिथंच शेजारच्या कॉलेजचं मैदान होतं. तारेच्या कुंपणाला टेकून ते तासभर उभे राहायचे, हातात लाल वही. तिथला कोच टेरेन्स गरम बार्लीच्या पाण्याचा कप कुंपणावरून द्यायचा.

"अंकल दीना, आज काय लिहिलं?" तो विचारायचा.

"तुझा सात नंबर उजवा पाय वापरतच नाही," दीनानाथ खरं ते सांगून टाकायचे.

टेरेन्स खो खो हसायचा. हरणाऱ्या माणसाच्या वहीत काय असणार, असं त्याला वाटत असावं.

पंधरा सालची अंतिम लढत याच दोन कॉलेजांत झाली. शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नर मिळाला. टेरेन्सचा गोलकीपर कॉर्नरला घाईनं पुढे येतो, हे दीनानाथांनी दोन बुधवारी पाहिलं होतं. कप्तान हाझिक मागच्या खांबाशी थांबला, गोलकीपर पुढे आला, चेंडू डोक्यावरून गेला, आणि हाझिकनं तो नुसता ढकलला. पोरं एकमेकांच्या अंगावर कोसळली. हाझिक धावत आला, त्यानं मलय रीतीनं दीनानाथांचा हात हातात घेऊन कपाळाला लावला, तो नेहमी लावायचा तसा. दीनानाथांना त्या क्षणी वडिलांची आठवण झाली आणि डोळे भरून आले.

आठवड्यानं फेसबुकवर एक फोटो आला. कुंपणाला टेकलेले दीनानाथ, उघडी वही, हातात पेन. खाली लिहिलं होतं, तीन करंडक कसे जिंकले ते बघा. फोटोत बार्लीचा कप नव्हता. कपडा बेतावा तसा फोटो कापून तेवढाच वगळला होता.

मग काय, प्रत्येकाला आठवू लागलं. पंच त्यांच्या ओळखीचे आहेत, ते पोरांना परीक्षेत सूट मिळवून देतात, इतर कॉलेजांतले चांगले खेळाडू फोडतात. एकाही गोष्टीला शेंडाबुडखा नव्हता. गणपतीत मंडळाच्या आरतीला शिरीष देवस्थळींनी सगळ्यांसमोर पाठ थोपटून विचारलं, "दीनानाथराव, मंत्र सांगा की आम्हालाही!" आणि प्रसादाच्या रांगेत मागं वळून म्हणाले, "सलग तीन वेळा? कुठंतरी पाणी मुरतंय." दीनानाथ रांगेत तीन माणसं पुढेच होते. शिरीषनी आयुष्यात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता. पण जिंकणारा मेहनती आहे असं मान्य केलं की आपल्याला उद्या लवकर उठून पळावं लागतं. तो लबाड आहे म्हटलं की दुसरी वाटी शिरा घेता येतो.

लोकांचं एक सोडा. त्या रात्रीच्या जेवणाआधी नंदाताई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, तुम्ही नुसते बघायलाच उभे राहत होता ना?"

दीनानाथ आधी हसले. मग त्यांना कळलं की ती थट्टा नव्हती. त्यांनी ताट घेतलं नाही.

सप्टेंबरअखेर कॉलेजच्या क्रीडाविभागाच्या मिसेस लिम यांनी त्यांना बोलावलं. बाई सभ्य होत्या. टेबलावर दीनानाथांची लाल वही होती, चौकशीसाठी मागून घेतलेली. वही मराठीत, म्हणून त्यातली चार पानं त्यांनी कुणाकडून तरी इंग्रजी करून घेतली होती. चारही पानं टेरेन्सच्या संघाची होती. बाकीची दीडशे पानं दीनानाथांच्या स्वतःच्या पोरांची होती, ती कुणी वाचलीच नाहीत. हाझिकच्या पानावर लिहिलं होतं, "आईचं डायलिसिस चालू. सोमवारी जागतो. मंगळवारी याच्यावर ओरडायचं नाही."

"टेरेन्सना विचारा," दीनानाथ म्हणाले. "मी काय लिहितो ते मी त्यांना सांगत आलोय."

"विचारलं," मिसेस लिम म्हणाल्या. "त्यांना तसं काही आठवत नाही."

नऊ वर्षं बार्ली पाजणाऱ्या माणसाला काही आठवत नव्हतं.

मग बाईंनी मुद्दा सांगितला. स्पर्धेच्या समितीपुढं दोन वाटा होत्या. दीनानाथांनी लढायचं ठरवलं तर चौकशी पुढच्या वर्षापर्यंत चालेल, आणि तोवर निकाल अधांतरी. करंडक परत, कुणालाही प्रमाणपत्र नाही. संघातली सात पोरं शेवटच्या वर्षाला होती. हाझिक त्या प्रमाणपत्रावर शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणार होता, मुदत नोव्हेंबरची. दुसरी वाट म्हणजे दीनानाथांनी लिहून द्यायचं की आपण अयोग्य मार्गानं माहिती मिळवली, खेळाडूंना त्याची कल्पना नव्हती, आणि आपण पद सोडतो. पोरांचा करंडक राहील. अट एकच, याबद्दल त्यांनी खेळाडूंशी बोलायचं नाही.

"नुसती शब्दरचना आहे ती," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

दीनानाथांनी दोन दिवस मागून घेतले. नंदाताई आता उलट्या बाजूनं भडकल्या होत्या. "जे केलं नाही त्यावर सही कशाला? लढा की! कोल्हापूरचे ना तुम्ही?"

"बाबा, यू साइन मीन्स यू डिड इट, लाह," गार्गी म्हणाली. सोळा वर्षांची पोर, तिला रडू आवरत नव्हतं.

"मला माहीत आहे," दीनानाथ म्हणाले. "पण त्या पोराची शिष्यवृत्ती माझ्या अब्रूपायी बुडवू?"

त्यांनी सही केली. पेन त्यांचंच होतं, फोटोतलं.

त्यांना एकच वेडी आशा होती. जग काय म्हणायचं ते म्हणो, पोरं ओळखतील. तीन वर्षं पावसात, चिखलात आपण यांच्यासोबत पळलो, यांना कागद वाचून दाखवायची गरज नाही. त्यांनी फोनचा आवाज मोठा करून ठेवला. पोरांच्या ग्रुपमधून मात्र त्यांचं नाव काढून टाकलं गेलं होतं. कुणी काढलं ते त्यांनी पाहिलं नाही.

नोव्हेंबरात एका मंगळवारी ऑफिस सुटल्यावर पाय आपसूक कॉलेजकडे वळले. फाटकातून आत जायची सोय नव्हती, म्हणून ते बाहेरून, बसस्टॉपच्या बाजूनं कुंपणाशी उभे राहिले. आत सराव चालू होता. नवा कोच, तरुण, शिट्टी जरा जास्तच वाजवणारा. पोरं चांगली पळत होती. दीनानाथांना इतकं बरं वाटलं की क्षणभर सगळं विसरायला झालं. शिष्यवृत्तीची बातमी त्यांनी कॉलेजच्या पानावर वाचली होती, हाझिकला मिळाली होती.

हाझिकनं त्यांना पाहिलं. तो धावत आला, पण कुंपणापासून दोन हात अलीकडेच थांबला.

"कोच," तो म्हणाला.

"अभिनंदन रे," दीनानाथ म्हणाले. तारेतून दोन बोटं आत घातली.

हाझिकनं ती पाहिली नाहीत, किंवा पाहून पाहिली नाहीत. त्यानं मागे नव्या कोचकडे बघितलं. "सॉरी, कोच. बाहेरच्या लोकांनी इथं उभं राहायचं नाही म्हणालेत." मग थोडा घुटमळला. मान खाली घालून, अगदी अदबीनं त्यानं विचारलं, "बॅगेत ती वही आहे का, कोच?"

सांगायचं किती होतं. तुझ्या पानावर काय लिहिलंय ते सांगायचं होतं. डावा बॅक दोन पावलं पुढे उभा राहतोय, हेही सांगायचं होतं. पण सही केलेल्या माणसाला बोलायची परवानगी नव्हती.

दीनानाथांनी खांद्यावरची बॅग पुढे घेतली, चेन ओढली आणि ती कुंपणाशी उघडी धरली. छत्री, ऑफिसचा पास, पाण्याची बाटली, जेवणाचा डबा. हाझिक वाकून बघत होता. त्यानं मागितलं नव्हतं, तरी दीनानाथांनी डब्याचं झाकणही काढून दाखवलं.