बालाजीची डावी मांडी

निवृत्त प्राध्यापकाकडे किस्से साचतात ते त्याने फार जग पाहिलेलं असतं म्हणून नव्हे. त्याला कोणी कामाला बोलावत नाही, आणि चुकून एकदा बोलावलं की तो त्या एका कामावर उरलेलं आयुष्य काढतो, म्हणून साचतात. माझे तर सगळे किस्से एकाच व्हॉल्व्हमधून गळालेले आहेत. व्हॉल्व्ह तोही केवढा? पेढ्याएवढा!

झालं असं की नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयात धरणाच्या दारांची रबरी सीलं तपासायचं काम एका ठेकेदाराकडे होतं. त्याचे पाणबुडे दोन-दोन तास खाली राहत. अंगात ड्रायसूट, म्हणजे गळ्यापासून तळपायापर्यंत बंद असलेला रबरी पोशाख. पाणी थंड असतं म्हणून नव्हे, पाण्यात काय काय असतं म्हणून! आता माणूस दोन तास खाली राहणार म्हटल्यावर निसर्ग काही ठेकेदाराचं वेळापत्रक पाळत नाही. म्हणून सूटच्या मांडीवर एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. आतल्या नळीतून लघवी बाहेर जावी, बाहेरचं पाणी मात्र आत येऊ नये, एवढंच त्याचं काम. कंपनीच्या पुस्तकात त्याला भारदस्त इंग्रजी नाव होतं. बोटीवर सगळे त्याला 'मोरी' म्हणत.

बालाजी नावाचा पाणबुड्या रोज वर आला की त्याची डावी मांडी ओली असायची. साइटवरचे सबनीस साहेब पुण्याहून आलेले, त्यामुळे त्यांना कारण न बघताच कळलं. म्हणाले, "व्हॉल्व्ह ठीक आहे. माणूस खाली घाबरतो."

आणि वर हुकूम, "सोमवारपर्यंत गळती सापडली नाही, तर हा बोटीवर दोर धरेल. खाली दुसरा जाईल."

बालाजी लातूरजवळच्या औशाकडचा. आपण धरणाच्या तळाशी जातो, हे त्याने गावभर सांगून ठेवलेलं. दोर धरण्यापेक्षा त्याला नोकरी गेलेली चालली असती. म्हणून तो मला शोधत घरी आला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, की सरांनी एका दिशेने उघडणाऱ्या झडपांवर पीएच.डी. केली आहे. ते खरं होतं. त्याचा उपयोग होतो, असं मात्र मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

*

पहिल्या दिवशी बोटीवर गेलो. नावाडी गंगाराम बालाजीकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, तुम्ही कशाला तरास घेता? लातूरकडचा गडी हाय. पाणी दिसलं की आधी भरून घेतो!"

बोट हलेपर्यंत सगळे हसले. बालाजी शांतपणे सूटची चेन लावत म्हणाला, "हाव. अन् तुम्ही नांदेडवाले गोदावरी उशाला घेऊन टँकरमागं पळता. आमचं कामून काढायलाव?"

गंगारामने पुढे तासभर फक्त वल्हं मारलं.

*

तपासणी देगलूर नाक्याजवळ रफीकभाईंच्या दुकानात करायची ठरली. रफीकभाईंची तिसरी पिढी पंप दुरुस्तीत. मोटारीला नुसता कान लावून कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. मी मात्र पद्धतशीर जायचं ठरवलं. वहीत रेषा मारल्या, सूटच्या आतल्या नळीला हातपंप जोडला, व्हॉल्व्ह पाण्याच्या टबात बुडवला आणि हवा मारली. व्हॉल्व्हमधून बुडबुड्यांची माळ वर आली!

"सापडली!" मी ओरडलो. "गळती सापडली!"

रफीकभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "सर, ती बाहेर जायलाच ठेवलीय ना? घरी मोरीतून पाणी बाहेर गेलं तर तुम्ही असंच ओरडता का?"

वीस वर्षं मी पोरांना शिकवत होतो की झडप तपासताना आधी दिशा बघा. पेपरात हा प्रश्न चार मार्कांना असायचा. मी स्वतःला शून्य दिलं आणि वही बंद केली.

*

मग दिशा नीट धरून दुसरा प्रयोग आखला. रफीकभाईंच्या दुकानामागे पंप तपासायचा सिमेंटचा हौद आहे. त्यातल्या पाण्यात रंग मिसळायचा. बालाजीने आत पांढराशुभ्र पायजमा घालून, वर सूट चढवून अर्धा तास हौदात बसायचं. बाहेर आल्यावर पायजम्यावर रंग दिसला, की पाणी बाहेरचं. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा, माणसाचा नाही. सबनीस साहेबांनाही मुद्दाम बोलावलं, पुरावा डोळ्यांनी बघावा म्हणून.

रंग कोणता घ्यावा, याचा मी दोन दिवस विचार केला. कातडीला अपाय नको, रबराला नको, हौदातल्या पंपाला नको. शेवटी स्वयंपाकघरातून हळदीचा डबा उचलला.

अर्ध्या तासाने बालाजीने सूट उतरवला. डावी मांडी ओली होती. पायजम्यावर डाग स्पष्ट उमटला होता.

पिवळा.

सबनीस साहेबांनी मोबाइल काढून डागाचा फोटो घेतला. "थँक यू, सर. माझं म्हणणं तुम्ही फारच छान सिद्ध केलंत!"

रफीकभाई डागाकडे बघत म्हणाले, "सर, नीळ मिळाली नसती का बाजारात?"

घरी आल्यावर बायकोने डबा पाहिला. "सगळी हळद कुठं गेली?"

मी म्हणालो, "संशोधनात."

ती म्हणाली, "त्यापेक्षा भाजीत तरी उपयोग झाला असता."

*

मी खचलो. आपली पदवीच कुणाची तरी चुकून आपल्याकडे आली असावी, हा माझा जुना संशय पुन्हा वर आला. म्हणून म्हटलं, ज्यांनी व्हॉल्व्ह विकला त्यांनाच विचारू. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. एक बाई गोड आवाजात यादी वाचून प्रश्न विचारू लागल्या. व्हॉल्व्ह घट्ट बसवला आहे का? हो. नळी कुठे दुमडली आहे का? नाही. डायव्हरने पाण्यात शिरायच्या आधी व्हॉल्व्ह उघडला होता का? हो. मग सातवा प्रश्न.

"सर, आत आलेलं पाणी कोमट होतं की गार?"

शास्त्रीयदृष्ट्या अतिशय योग्य प्रश्न. हळदीपेक्षा तर कितीतरी! मला स्वतःला तो का सुचला नाही, या विचाराने मी फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसलेल्या बालाजीपुढे धरला.

बालाजी जरा लाजला. मग म्हणाला, "म्याडम, एप्रिल महिना चालू हाय. हितं नळाचं बी पाणी कोमटच हाय."

बाईंनी नोंद केली, "ग्राहकाला खात्री नाही," आणि मला सेवेबद्दल पाचपैकी किती गुण द्याल ते विचारलं.

*

शनिवारी रफीकभाईंनी फोन केला. "सर, या. वही आणू नका."

त्यांनी व्हॉल्व्ह पूर्ण खोलला होता. आत नखाएवढी रबरी पडदी असते. ती बाहेर उघडते, आत मिटते. रफीकभाईंनी ती चिमट्यात धरून उजेडाकडे केली आणि माझ्या हातात भिंग दिलं. पडदीच्या बरोबर मधोमध एक बारीक भोक!

बालाजी पाटावर बसला होता. त्याने मान खाली घातली.

"खरं सांगायलो, सर. मोरीत गाळ बसायचा. म्या काट्यानं काढायचो."

"कसल्या काट्याने?"

"बाभळीच्या. शेतात फवाऱ्याचं नोझल बुजलं की आम्ही काट्यानंच काढतो की ओ. लई साफ होतंय!"

रफीकभाईंनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! नोझलला भोक असतंच रे बाबा. हिला तू पाडलंस."

बालाजीचा चेहरा उतरला. आता हे साहेबांना कळलं, तर घाबरटपणाच्या आरोपातून सुटका होणार, पण सामान नासल्याबद्दल हातात दोर येणारच. दोन्ही बाजूंनी वाट एकाच ठिकाणी जात होती. "सर, लिवू नका ना काट्याचं," तो म्हणाला. सोमवारी साहेबांना तपासणीचा अहवाल मलाच द्यायचा होता.

रविवारी मी चार मसुदे केले. पहिल्यात काटा होता. दुसऱ्यात 'टोकदार सेंद्रिय वस्तू' होती. तिसऱ्यात 'सूक्ष्म रंध्र, कारण अनिश्चित' असं होतं. चौथा इतका मोघम झाला, की तो कशाबद्दल आहे हे मलाच कळेना. रफीकभाईंना फोनवर तो वाचून दाखवला.

"सर," ते म्हणाले, "एवढं शिकलात, अन् साधं खोटं बी नीट बोलता येत न्हाई?"

*

सोमवारी सकाळी चारही मसुदे खिशात घालून मी धरणावर पोचलो. कोणता द्यायचा, हे तिथे गेल्यावर सुचेल अशी आशा होती. रफीकभाई सूट घेऊन आधीच आले होते. बालाजी काठावर उभा होता, स्वतःच्या पायांकडे बघत.

मी तोंड उघडायच्या आत सबनीस साहेबांनी हात वर केला. "सर, तुमचा अहवाल राहू द्या. मी स्वतः खाली जातो. पुण्यात माझा कोर्स झालाय. दहा मिनिटं राहतो आणि कोरडा वर येतो. मग बोलू."

रफीकभाई पुढे झाले. "साहेब, सूटचं जरा सांगायचं होतं..."

"नंतर!"

साहेबांनी सूट चढवला, तोंडाला हवेची नळी लावली आणि दाराशेजारच्या लोखंडी शिडीने उतरले. गंगारामने दोर धरला. पाणी गढूळ. दोन पायऱ्यांनंतर डोकं दिसेनासं झालं. दहा मिनिटं कशाची, तीन मिनिटंही झाली नसतील, दोराला लागोपाठ चार-पाच हिसके आले. गंगाराम म्हणाला, "मासा लागला का काय?"

साहेब वर आले. खाली काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. बालाजीने अदबीने त्यांचा सूट उतरवला. आतली इस्त्रीची पँट डाव्या मांडीवर ओली होती. उजव्या मांडीवरही होती. मोजेसुद्धा!

सगळे पँटकडे बघत उभे राहिले. साहेबही बघत होते. मग बालाजी फार आपुलकीने म्हणाला,

"भीतीनं असंल, साहेब. पहिल्यांदा होतंय तसं."

"भीती कसली?" साहेब कडाडले. "व्हॉल्व्ह सदोष आहे! चक्क उत्पादनातला दोष आहे!"

आणि त्यांनी तिथल्या तिथे साइटचं रजिस्टर मागवलं. ओल्या मांडीवर ठेवून स्वतःच्या हाताने लिहिलं: 'प्रत्यक्ष खाली उतरून खात्री केली. व्हॉल्व्ह गळतो. पाणबुड्याचा दोष नाही. पुढेही त्यालाच पाठवावे.' खाली सही, तारीख, शिक्का. मग ते जीपकडे गेले, जरा घाईने आणि पाय फाकवून.

बालाजीने ते पान तीनदा वाचलं. मी माझे चारही मसुदे खिशात आणखी खोल ढकलले.

जीप वळणाआड गेल्यावर रफीकभाई माझ्याजवळ आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पेढ्याएवढं.

"सर, व्हॉल्व्ह तर शनिवारपासून हा माझ्याकडंच हाय. सूटच्या भोकाला म्या पितळी बूच मारलंय, डबल वायसर घालून. काल दिवसभर हौदात बुडवून ठेवला. आत थेंब न्हाई."

बालाजीने ते ऐकलं. मग वाकून सूट दोन बोटांत उचलला, अंगापासून लांब धरला आणि नळाकडे निघाला.